टाकी वाहती ठेवायची : ई-६ प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

प्रकल्पाचं स्वरूप आज ठरलं. आमच्या फोटोग्राफी गटातले काही जण अजून रंगीत स्लाइड फिल्मवर, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांची प्रतिमा उमटते अशा फिल्मवर, काम करतात. आमचे रोल ज्या लॅबकडे जातात तिथे ई-६ची, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याच्या रासायनिक प्रक्रियेची, लाइन आता रोज चालत नाही. रोल साठवतात आणि पुरेसे जमले की एकदम धुतात. पुरेसे म्हणजे किती, ते त्या त्या आठवड्यावर. काम चांगलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण टाकलेला रोल हातात कधी येईल, हे तिथलं कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

तेव्हा दोन कामं. स्वतःची छोटी ई-६ व्यवस्था उभी करायची आणि ती लॅबच्या दर्जाच्या किती जवळ जाते ते मोजायचं. दुसरं, काही वर्षं चालणारं एक काम डोक्यात आहे: ओढ्याकाठचा एकच पट्टा, सगळ्या ऋतूंत, त्याच जागेवरून. ते स्लाइडवर करायचं की नाही, याचा निर्णय मेपर्यंत घ्यायचा. त्या कामाला रंग वर्षानुवर्षं एकाच मापाने उतरायला हवेत. पहिल्या वर्षी एक फिल्म आणि तिसऱ्या वर्षी दुसरी असं झालं, तर ऋतू बदलला की इमल्शन (फिल्मवरचा प्रकाशग्राही लेप) बदललं ते फोटोवरून कळणार नाही.

चाचणीसाठी कोडॅकची एक्टाक्रोम ई१०० आणि फुजीची प्रोव्हिया १००एफ. फुजीचीच वेल्व्हिया नाही. तिचे रंग मुळातच इतके गडद की प्रक्रियेतला दोष त्यांच्यात लपून जातो.

११ जानेवारी

आज नुसती यादी: काय बनतं, काय गेलं.

रंगीत स्लाइड फिल्म नियमित बनवणारे मोठे कारखाने दोनच, कोडॅक आणि फुजीफिल्म. कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली आणि मार्चमध्ये एक्टाक्रोम बंद होत असल्याचं जाहीर झालं. जानेवारी २०१७ मध्ये फिल्म परत आणण्याची घोषणा झाली आणि ३५ मिमी रोल बाजारात आले सप्टेंबर २०१८ मध्ये. १२०च्या रुंद रोलला आणि सुट्या पानांच्या शीट फिल्मला आणखी वर्षभर लागलं. घोषणा आणि रोल यांत दीड वर्षाहून जास्त अंतर पडलं, ते का हे समजून घेण्यासारखं आहे. मधल्या काळात काही घटक पुरवठादारांनी बनवणंच सोडलं होतं. जुनं सूत्र कपाटातून काढलं आणि यंत्र सुरू केलं, असं होत नाही; पर्यायी घटक शोधून सूत्र नव्याने जुळवावं लागतं.

फुजीची गोष्ट हळूहळू गळतीची. सेन्सिया, अस्टिया, वेल्व्हिया १००एफ, प्रोव्हिया ४००एक्स एकेक करून गेल्या. १९९०ची मूळ वेल्व्हिया कच्चा माल मिळेना म्हणून थांबली होती. २००७ मध्ये बदललेल्या घटकांसह वेल्व्हिया ५० म्हणून परत आली. जुलै २०२१ मध्ये वेल्व्हिया १०० अमेरिकेत विकणं थांबलं, तेही खप कमी म्हणून नव्हे. तिथल्या पर्यावरण संस्थेने एका फॉस्फेट रसायनावर निर्बंध आणले आणि ते या फिल्ममध्ये अत्यल्प प्रमाणात होतं.

'मागणी नाही म्हणून फिल्म मेली' हे अर्धंच खरं. डझनाहून जास्त थर असलेल्या वस्तूत एखादा क्षुल्लक घटक अडला तरी सगळं अडतं. फरक एवढाच की मागणी भरपूर असेल तर कंपनी तो घटक बदलण्याचा खटाटोप करते. नसेल तर बातमीपत्रक काढते.

आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. इटलीतल्या फेरानियाच्या नव्या चमूने २०१४ मध्ये लोकवर्गणी जमवली ती रंगीत स्लाइड फिल्मसाठी. २०१७ मध्ये बाहेर आली ती कृष्णधवल पी३०. मला ती फिल्म आवडते, पण वर्गणी कशासाठी होती ते विसरत नाही.

आजचं चित्र असं: आयएसओ १०० आणि ५०. ४०० वेगाची नवी स्लाइड फिल्म नाही. पिवळ्या दिव्यांसाठीची टंगस्टन फिल्म तर कधीच गेली.

१७ जानेवारी

गटात चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतंच, 'कोडाक्रोमचं झालं तेच एक्टाक्रोमचं होणार.' दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात याचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

कोडाक्रोम ही कोडॅकचीच रंगीत स्लाइड फिल्म, १९३५ची. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोन संगीतकार तिचे जनक. त्या फिल्मच्या थरांमध्ये रंग तयार करणारे कपलर नव्हतेच. थर मुळात कृष्णधवल. निळा-हिरवट, किरमिजी आणि पिवळा असे तिन्ही रंजक धुताना बाहेरून, तीन वेगळ्या डेव्हलपरांतून (प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणांतून) आत जायचे. त्यासाठी थर वेगवेगळ्या रंगाच्या प्रकाशात पुन्हा उजळावे लागायचे. शेवटची प्रक्रिया के-१४ नावाची. तिला मोठं यंत्र लागे, रसायनांची जाण असलेला माणूस हाताशी लागे आणि दिवसभर फिल्म वाहती लागे. घरच्या मोरीत ती होण्यातली नव्हती.

उत्पादन थांबल्याची घोषणा जून २००९ मध्ये झाली. जगातली शेवटची लॅब अमेरिकेत, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात, ड्वेन्स फोटो. तिने रोल घेण्याची शेवटची तारीख ठेवली ३० डिसेंबर २०१०. त्यानंतर फ्रीजरमध्ये नीट जपलेला कोडाक्रोमचा रोलसुद्धा कृष्णधवलच धुता येतो. फिल्म शाबूत, रंग नाहीत.

ई-६ची फिल्म वेगळ्या घराण्यातली. आग्फाने १९३६ मध्ये कपलर थेट थरांत बसवून दाखवले, त्या वाटेवरची. रंगाची अर्धी सामग्री फिल्ममध्येच असते. बाहेरून लागतं ते डेव्हलपर, चांदी काढून टाकणारे ब्लीच व फिक्सर आणि तापमानाची शिस्त. म्हणून लॅब बंद झाली म्हणजे एक्टाक्रोमचे रंग गेले, असं होत नाही. गोत्यात येते ती सातत्याने सारखे रंग मिळण्याची खात्री. आणि ओढ्याच्या कामाला नेमकी तीच हवी आहे.

२३ जानेवारी

लॅब रोज लाइन का चालवत नाही, याचा हिशेब आज कागदावर मांडला. भावनेचा भाग त्यात नाही, निव्वळ मिलिलिटरचा आहे.

मोठ्या लॅबमध्ये फिल्म खोल टाक्यांत टांगून एका टाकीतून दुसरीत बुडवत नेतात. टाकीतलं द्रावण फेकत नाहीत. प्रत्येक रोलमागे ठरावीक ताजं द्रावण आत जातं आणि तेवढंच जुनं ओसंडून बाहेर पडतं. पहिल्या डेव्हलपरसाठी हे माप चौरस मीटरला साधारण २१५० मिली. ३६ फोटोंचा ३५ मिमी रोल, १२०चा रोल आणि आठ बाय दहा इंची शीट, तिन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखं: ८० चौरस इंच, म्हणजे ०.०५ चौरस मीटरच्या किंचित वर. रोलमागे सुमारे ११० मिली झालं. टाकी समजा ३० लिटरची धरली, तर ती एकदा पूर्ण ताजी व्हायला पावणेतीनशे रोल लागतात.

एवढे रोल दोन आठवड्यांत आले तर लाइन आपोआप सांभाळली जाते. तेच रोल वर्षभरात आले तर हिशेब कोलमडतो. ३८ अंशांवर ठेवलेल्या डेव्हलपरला हवा लागत राहते, पाणी उडत राहतं, आणि रोल आला नाही तरी द्रावण थकत राहतं. रिप्लेनिशमेंटचं, म्हणजे ताजं द्रावण भरत राहण्याचं, कोष्टक वापराने झालेली झीज भरून काढतं. नुसत्या बसून राहण्याने होणारी झीज त्यात धरलेली नसते. वाहती टाकी म्हणजे उपसा असलेली विहीर. उपसा थांबला तरी पाणी तिथेच असतं, पिण्याजोगं राहत नाही एवढंच.

मग पुढची साखळी सुरू होते. द्रावण डळमळलं की एखाद्याचा रोल निळसर येतो. तो फोटोग्राफर पुढच्या वेळी निगेटिव्ह भरतो. रोल आणखी घटतात. लॅबने रोल साठवून एकदम धुणं हा त्यातला शहाणपणाचा मार्ग आहे: द्रावण ताजं बनवा, भरपूर फिल्म काढा, टाक्या रिकाम्या करा. गिऱ्हाइकाला उशीर होतो, पण रंग जागेवर राहतात. महिन्याभरापूर्वी मी यावर वैतागलो होतो. आता वाटतं, रोज लाइन चालू असल्याचं सांगणाऱ्या पण रोल मोजकेच घेणाऱ्या लॅबपेक्षा ही बरी.

४ फेब्रुवारी

रसायनांचं किट कुठलं घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली. तीन बाथची (द्रावणांची) किट सोपी आहेत: पहिला डेव्हलपर, रंगीत डेव्हलपर (उलटवण्याचं रसायन त्यातच) आणि ब्लीच-फिक्स एकत्र असलेला ब्लिक्स. पूर्ण प्रक्रियेत रिव्हर्सल बाथ वेगळा, प्री-ब्लीच वेगळा, ब्लीच आणि फिक्सर वेगवेगळे.

पूर्ण प्रक्रियाच घ्यायची असं ठरलं. ब्लीच आणि फिक्सर एका बाटलीत कोंबले की दोघंही एकमेकांना खातात. स्लाइडच्या काळ्या भागात चांदी मागे राहण्याची भीती असते आणि ती लाइटबॉक्सवर मळकट सावलीसारखी दिसते. दुसरं कारण माझ्या लेखी जास्त मोठं आहे. स्लाइडमध्ये न वापरला गेलेला किरमिजी कपलर पुढे त्याच रंजकाला त्रास देऊ शकतो. त्याला निष्प्रभ करायला फॉर्मल्डिहाइड लागतं. पूर्वी ते शेवटच्या स्टॅबिलायझरमध्ये असे. १९९०च्या दशकात त्याच्या वाफांचा धोका टाळण्यासाठी बांधून ठेवलेल्या रूपात ते प्री-ब्लीचमध्ये गेलं आणि शेवटचा बाथ केवळ डाग न पडू देणारा राहिला. आता कोणी प्री-ब्लीच गाळला आणि शेवटीही निव्वळ साबणपाणी वापरलं, तर आज स्लाइड झकास दिसेल आणि रंग टिकण्याचं काय, ते काही वर्षांनी कळेल. काही वर्षं चालणाऱ्या कामात ही काटकसर परवडणारी नाही.

७ फेब्रुवारी

बाटल्या, मापं, दोन थर्मामीटर. वापरलेल्या फिक्सरसाठी वेगळा कॅन. त्यात चांदी असते, तो गटारात जाणार नाही.

१५ फेब्रुवारी

फिल्मशिवाय, नुसत्या पाण्यावर सराव. पहिल्या डेव्हलपरला ३८ अंश, वर-खाली जास्तीत जास्त ०.३. वाचायला सोपं वाटतं.

सर्क्युलेटर (पाणी गरम ठेवून फिरवणारं यंत्र) लावलेलं पाणी ३८ वर स्थिर राहतं. पण धुण्याच्या टाकीचं प्लास्टिक आणि आतली रिळं खोलीच्या तापमानाला असतात. बाटलीतलं द्रावण ओतलं की पहिल्याच मिनिटात तापमान घसरतं आणि हळूहळू परत वर येतं. सहा मिनिटांच्या बाथमध्ये ही घसरण म्हणजे फार झाली. उपाय दोन: टाकी रिळांसकट आधीच गरम पाण्यात बुडवून ठेवायची आणि फिल्मलाही पाच मिनिटं गरम पाण्याची आंघोळ घालायची. दोन्ही केल्यावर टाकीच्या आतला आकडा हलायचा थांबला. थर्मामीटर बाहेरच्या पाण्यात ठेवून समाधान मानण्यात अर्थ नाही, आतला आकडा हवा.

दोन थर्मामीटरांमध्ये अर्ध्या अंशाचा फरक निघाला. एक बाद. उरलेल्याचं माप खरं असो नसो, यापुढे सगळं त्याच्याच भाषेत लिहायचं.

२२ फेब्रुवारी

पहिली फिल्म गेली: ई१००, राखाडी कार्ड आणि रंगपट्टी, एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

उलटी प्रक्रिया नव्या मंडळींना समजावताना मलाही पुन्हा नीट मांडावी लागली. पहिला डेव्हलपर कृष्णधवल. तो प्रकाश पडलेल्या जागी चांदीची निगेटिव्ह प्रतिमा तयार करतो. मागे उरलेले चांदीचे क्षार रिव्हर्सल बाथमध्ये रसायनाने 'उजळवले' जातात आणि रंगीत डेव्हलपर त्यांच्यापासून चांदी आणि सोबत रंजक बनवतो. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून नेतात, पहिलीही आणि दुसरीही. उरतात फक्त रंजक, पॉझिटिव्ह.

याचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या डेव्हलपरची सहा मिनिटं सगळं ठरवतात. तो कमी पडला तर मागे क्षार जास्त उरतात, रंजक जास्त बनतो, स्लाइड काळवंडते. जास्त चालला तर फिकी होते. निगेटिव्ह धुणाऱ्यांची सवय नेमकी याच्या उलट. एक स्टॉप पुश करायचा असेल, म्हणजे कमी प्रकाशात टिपलेल्या फिल्मची भरपाई धुताना करायची असेल, तर सहाची आठ मिनिटं, बाकी काहीही बदलायचं नाही. फिक्सरचे चार थेंब जरी पहिल्या डेव्हलपरच्या बाटलीत गेले तरी काळ्याचा दम जातो, म्हणून झाकणांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या.

रिळावरून फिल्म सोडली तेव्हा नव्या मंडळींचे चेहरे पडले. ओली ई-६ फिल्म दुधाळ आणि निळसर दिसते. वाळल्याशिवाय तिच्याबद्दल काहीच बोलायचं नसतं. वाळल्यावर लाइटबॉक्सवर ठेवली आणि भिंगासाठी रांग लागली. निगेटिव्हच्या बाबतीत हे होत नाही. नारिंगी पट्टी कोणी रांगेत उभं राहून बघत नाही.

६ मार्च

आजची तुलना महत्त्वाची. एकाच लक्ष्याचे रोलभर फोटो काढून रोल अंधारात मधोमध कापला होता. एक तुकडा लॅबला, एक आमच्या टाकीत. ई१०० आणि प्रोव्हिया, दोन्हींचं तेच. लॅबचे तुकडे आज आले.

डोळ्याला मधल्या राखाडीत फरक दिसत नाही. उसन्या डेन्सिटोमीटरला (फिल्मची घनता मोजणाऱ्या यंत्राला) दिसतो: आमच्या तुकड्यांचा गडद भाग किंचित जास्त घट्ट आहे, म्हणजे पहिला डेव्हलपर लॅबपेक्षा जरासा मवाळ चालला. हे वेळेत पंधरा-वीस सेकंद वाढवून जुळेल. रंगाचा झुकाव जुळवणं अवघड. रंगीत डेव्हलपरचा पीएच थोडा हलला की पूर्ण स्लाइड एका बाजूला झुकते, आणि तो पीएच आम्ही पाणी बदललं तरी हलतो. यापुढे द्रावणासाठी डिस्टिल्ड पाणीच.

लॅबचे दोन तुकडे एकमेकांशी जितके जुळतात तितके आमचे दोन तुकडे जुळत नाहीत. एखादा रोल उत्तम निघणं आम्हाला जमलंय. प्रत्येक रोल तसाच निघणं हे लॅबचं कौशल्य आहे, आणि ते कंट्रोल स्ट्रिप (प्रमाणित चाचणीपट्ट्या), रोजचे आलेख आणि वाहत्या फिल्मवर उभं आहे. किटच्या खोक्यात ते मिळत नाही.

१९ मार्च

रसायनांचा पुरवठा किती पक्का? जर्मनीतली टेटेनाल ही या धंद्यातली जुनी कंपनी. २०१८च्या अखेरीला दिवाळखोरीत गेली आणि तिची किटं दुकानांतून गायब झाली. कोडॅकच्या नावाच्या रसायनांचा व्यवसाय २०२०मध्ये चीनमधल्या सिनो प्रॉमिसकडे गेला, २०२३मध्ये तिनेही तो सोडला आणि परवाना अमेरिकेतल्या फोटो सिस्टिम्सकडे आला. दरवेळी मधल्या काळात बाटल्या मिळत नव्हत्या आणि 'ई-६ संपलं' अशी हाकाटी उठत होती.

घाबरण्याआधी घटक सुटे करून बघितले. रंगीत डेव्हलपरचा गाभा सीडी-३ नावाचं रसायन आहे. तेच रंगीत कागदाच्या आरए-४ प्रक्रियेत वापरतात आणि चित्रपटांच्या निगेटिव्हसाठीच्या ईसीएन-२ मध्येही. (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ला लागतं ते सीडी-४, वेगळं.) म्हणजे जगात कुठेही फोटोचे कागद धुतले जात आहेत किंवा सिनेमे फिल्मवर चित्रित होत आहेत तोवर सीडी-३ बनत राहील. ब्लीच आणि फिक्सर काही जगावेगळे नाहीत. पहिला डेव्हलपर हा थायोसायनेट घातलेला कृष्णधवल डेव्हलपरच. रिव्हर्सल बाथ मिळाला नाही तर फिल्म रिळावरून सोडून प्रखर दिव्यासमोर धरता येते. जुन्या एक्टाक्रोम प्रक्रियांमध्ये तसंच करत. ई-४ मध्ये त्याऐवजी एक विषारी रसायन आलं, आणि १९७०च्या दशकात ई-६ने ते हटवून कथिलाचा क्षार आणला.

म्हणजे रसायनांच्या बाजूने स्लाइड फिल्म आपल्या भावंडांच्या आधाराने उभी आहे. तिचं एकटीचं असं फारसं काही लागत नाही.

फिल्मच्या बाजूलाही थोडंसं असंच आहे. कोडॅकचा रोचेस्टरमधला लेपनाचा कारखाना मुख्यतः सिनेमाच्या निगेटिव्हवर चालतो. २०१५मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी फिल्म घेत राहण्याचे करार केले, तेव्हा तो तगला. ई१०० त्याच कारखान्यात लेपली जाते आणि सुपर ८ व १६ मिमीच्या सिनेरिळांतही विकली जाते. फुजीने मात्र सिनेमाची निगेटिव्ह फिल्म २०१३मध्येच थांबवली. दोघांपैकी कोणावर पैज लावायची हे यावरून मी तरी ठरवलंय. प्रोव्हियाचे रंग मला जास्त आवडतात, हा भाग वेगळा.

२ एप्रिल

गटातल्या एकाचा प्रश्न: शेवटी स्कॅनच करायचं तर स्लाइड कशाला? रास्त आहे. स्लाइडची पुढची वाट तिच्या आधीच बंद झाली. कोडॅकने १९६१पासून बनवलेले कॅरोसेल प्रोजेक्टर २००४मध्ये थांबवले. स्लाइडवरून थेट छापायचा इल्फोक्रोम कागद, म्हणजे जुना सिबाक्रोम, २०११-१२च्या सुमारास संपला. त्या कागदावरचे प्रिंट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बाकी काही सांगावं लागत नाही, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळत नाही.

स्कॅनरसाठी निगेटिव्ह खरं तर सोयीची. तिला उजेड-सावलीचा मोठा पल्ला झेपतो. स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूक खपत नाही, आणि तिच्या गडद भागाची घनता स्वस्त स्कॅनरला भेदता येत नाही.

तरी ओढ्याच्या कामात स्लाइडच हवी वाटते याचं कारण साधं आहे. स्लाइड स्वतःच पुरावा असते. निगेटिव्हचे रंग म्हणजे कोणीतरी केलेला अर्थ; स्कॅन करणारा बदलला, सॉफ्टवेअर बदललं की पानांचा हिरवा बदलतो. स्लाइड लाइटबॉक्सवर ठेवली की वाद मिटतो. दहा वर्षांनी कोणी पुन्हा स्कॅन केलं तर जुळवायला मूळ वस्तू समोर असते. संगणकात 'स्लाइडसारखे रंग' करून मिळतात हे मान्य, पण मग 'सारखे' कशाच्या ते ठरवायला कोणाकडे तरी स्लाइड हवी.

१० एप्रिल

संध्याकाळच्या आणि रात्रीच्या फोटोंसाठी प्रोव्हिया. १२८ सेकंदांपर्यंत तिला वेळेची दुरुस्ती लागत नाही. वेल्व्हिया ५०ला चार सेकंदांपासूनच जास्त वेळ आणि किरमिजी फिल्टर द्यावा लागतो. प्रोव्हिया गेली तर रात्रीचा भाग कामातून गळणार. तिच्या जागी ठेवायला दुसरी नाही.

२१ एप्रिल

साठा करावा की नाही यावर आज खडाजंगी. एकाचं म्हणणं, पाच वर्षांची फिल्म आत्ताच घेऊन उणे १८ अंशांवर ठेवावी, म्हणजे कंपनीने काहीही केलं तरी आपण मोकळे. सुरुवातीला माझाही कल तिकडेच होता.

आता नाही. गोठवलेली फिल्म बरीच वर्षं टिकते, पण म्हातारी होतेच. गोठवल्याने उष्णतेचा त्रास थांबतो, अवकाशातून येणारे किरण थांबत नाहीत, आणि काळ्याचा दम हळूहळू कमी होतो. निगेटिव्हमध्ये हे सावरून घेता येतं, स्लाइडमध्ये दिसतं. पण मुख्य आक्षेप दुसरा आहे. रोल विकत घेतला की कारखान्याला कळतं. लॅबला मात्र तो रोल टाकीत जाईपर्यंत काहीच कळत नाही. सगळ्यांनी फिल्म घेऊन फ्रीजर भरले तर दुकानात रोल संपलेले आणि लॅबमध्ये टाक्या रिकाम्या, असं दोन्हीकडून वाईट होतं. २३ जानेवारीच्या हिशेबात फ्रीजरमधल्या रोलची किंमत शून्य मिलिलिटर.

त्याला हे पटलं नाही. 'तू लॅब वाचव, मी फिल्म वाचवतो' म्हणाला. त्याच्या फ्रीजरमध्ये त्याने काय ठेवावं हा त्याचा प्रश्न.

५ मे

निर्णय. ओढ्याचं काम स्लाइडवर होईल, ई१००वर, १२०च्या रोलमध्ये. रात्रीचा भाग प्रोव्हियावर, मिळेल तोवर. दरवेळी त्याच जागेवरून रंगीत निगेटिव्हचाही एक फोटो, सोबत रंगपट्टी धरून. मध्येच एक्टाक्रोम थांबली तर कामाची साखळी निगेटिव्हवर पुढे जाईल आणि आधीच्या वर्षांच्या स्लाइड जुळवणीला असतील. दुहेरी काम आहे, पण टाळण्याजोगं नाही.

साठा फक्त एका वर्षाचा, तोही एकाच बॅच क्रमांकाचा. पुढची बॅच आली की जुन्या-नव्या रोलवर तेच लक्ष्य टिपून तुलना.

धुणं मुख्यतः लॅबकडेच. आमची टाकी दोन कामांसाठी: चाचण्या, आणि लॅबची लाइन लांबली तर. लॅबशी बोलणं झालं. आमचे रोल सुटे सुटे न पाठवता ठरलेल्या आठवड्यात एकदम द्यायचे, म्हणजे त्यांना द्रावण कधी बनवायचं ते आधीच कळेल. इतर दोन गटांनाही त्याच आठवड्यात पाठवायला सांगितलंय. एक तयार आहे, दुसऱ्याचं उत्तर नाही.

१८ मे

पहिली एकत्र बॅच गेली. प्रत्येक गटाच्या रोलमध्ये पहिला फोटो राखाडी कार्डाचा, हे सगळ्यांनी पाळलं.

आमच्या उघडलेल्या डेव्हलपरच्या बाटल्यांत वरची हवा काढून निष्क्रिय वायू भरला. तारीख झाकणावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच द्रावणावर ई१००ची आणखी एक कापलेली जोडी काढायची, पहिल्या डेव्हलपरला वीस सेकंद वाढवून. लॅबचे तुकडे आले की डेन्सिटोमीटर परत करायच्या आत आकडे उतरवून घेणे.